रविवारच्या चहाचा धूर

धुळ्याच्या मुख्य कार्यालयाचं पत्र आलं तेव्हा चर्चच्या ओट्यावर रविवारचा चहा चालला होता. पाळक जामसिंग पाडवी यांनी बशी खाली ठेवली आणि पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. पृथ्वी तापत चालली आहे, असं पत्रात होतं. पुढच्या शंभर वर्षांत ती दोन-तीन अंशांनी तापेल. माणसं तेल जाळतात, कोळसा जाळतात, त्यातून कार्बनचा वायू निघतो आणि तो वर जाऊन बसतो. तरी प्रत्येक चर्चने आपण वर्षाला किती वायू सोडतो ते मोजावं, सोबतच्या पुस्तिकेतला तक्ता भरावा आणि येत्या ईस्टरपर्यंत त्यातला चौथा हिस्सा कमी करून दाखवावा.

हे शहाण्णव सालच्या नोव्हेंबरात घडलं. यावल-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा सेहेचाळीसवर जातो. सत्तेचाळीसवर गेला तरी लोक सेहेचाळीसच सांगतात, उगाच बोभाटा नको म्हणून. दोन-तीन अंशांचं कोणाला भय वाटलं नाही.

"शंभर वर्सांमा दोन अंश?" सुगंधाबाई म्हणाल्या. त्या मूळच्या शिरपूरकडच्या, चर्चमध्ये गीतं त्याच सुरू करायच्या. "आठे तर सकायपासून दुपारलोंग वीस चढतस."

मोजायचं काम कोणाला द्यायचं यावर चर्चा झालीच नाही. सगळ्यांनी पितांबरकडे पाहिलं. पितांबर एकतीस वर्षं जिनिंग फॅक्टरीच्या काट्यावर होता. कापसाची गाडी काट्यावर चढायची, पितांबर वजन पाहायचा आणि मोठ्याने पुकारायचा. एकतीस वर्षांत त्याने पावशेर इकडचा तिकडे केला नव्हता, आणि ही गोष्ट तो कोणी न विचारताही सांगायचा.

पण हे वरवरचं कारण. त्याची बायको बेबाबाई वारून चौदा महिने झाले होते आणि चौदा महिने मंडळी त्याच्यासाठी काही ना काही काम शोधत होती. त्याला चर्चच्या खुर्च्या मोजायला दिल्या होत्या. तीन वेळा दिल्या होत्या. तिन्ही वेळा त्या तेवढ्याच भरल्या.

पितांबरला वाटायचं, आपल्याला काम आहे. रविवारचा चहा. बावीस वर्षं तो चहा बेबाबाईने केला होता, घरच्या पितळी स्टोवर, घरच्या रेशनच्या रॉकेलवर. दूध-साखर मंडळी पाळीपाळीने आणायची. स्टो आणि रॉकेल मात्र तिचं, त्यात ती कोणाला शिरू द्यायची नाही. ती गेल्यावरच्या पहिल्या रविवारी पितांबरने स्टो उचलला, ओट्यावर आणला आणि पंप मारायला बसला. त्याचं जेवण तेव्हापासून खाणावळीच्या डब्यावर होतं, त्यामुळे कार्डावरचं सगळं रॉकेल चहालाच जायचं. आठवड्यातले सहा दिवस तो रविवारची वाट पाहायचा. चहा बंद पडला असता तर आपण चर्चला कशासाठी जातो हे त्याला सांगता आलं नसतं, आणि पाळकांना तर मुळीच नसतं.

असो. पितांबरने काम घेतलं आणि तिसऱ्याच दिवशी बंद पडलेल्या जिनिंगमधून जुना वजनकाटा बैलगाडीत घालून आणला. पुस्तिका पाळकांकडे होती. ते रोज संध्याकाळी एक पान वाचत आणि जेवढं वाचलं तेवढं पितांबरला सांगत. पुढे जे झालं त्याला ही पद्धत कारणीभूत आहे, पण तेव्हा ती दोघांनाही फार शिस्तीची वाटली.

पहिल्या पानावर होतं की जे जे जळतं ते मोजा. पितांबरने मेणबत्त्या मोजल्या, जाळल्या आणि उरलेलं मेण मोजलं. मग थंडीतलं भरीत आलं. दरवर्षी नोव्हेंबरात चर्चच्या आवारात भरीत-भाकरीचं जेवण असतं. वांगी भाजायला कपाशीच्या काड्या लागतात, गॅसवर भाजलेल्या वांग्याला आमच्याकडे भरीत म्हणत नाहीत, दवाखान्यातलं जेवण म्हणतात. पितांबरने काड्या जाळण्याआधी मोजल्या: एक्क्याण्णव किलो. राख मोजली: पाच किलो सहाशे. वजा जाता पंच्याऐंशी किलो चारशे धूर. राख गरम असताना काट्यावर टाकल्यामुळे काट्याची फळी जळाली, तेव्हा त्या फळीचाही धूर त्याने वेगळा लिहिला.

शेजारच्या केळीच्या बागेचे मालक चुडामण पाटील हे सगळं कुंपणापलीकडून बघत होते. त्यांना चर्चशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यामुळे ते मोकळ्या मनाने सल्ला द्यायचे.

"काय मोजू रायले आबा?"

"धूर."

"धूर?" चुडामण पाटलांनी काट्याकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं. "मंग तो खाली उतरवायचा कसा?"

पितांबरने जाळण्याआधीचं आणि नंतरचं वजन समजावून सांगितलं. पाटलांना ते पटलं, कारण दलाल त्यांच्या केळीची घट याच पद्धतीने काढायचे.

"पण भो, माझी केळी तुमचा बठ्ठा धूर पिऊन टाकते ना! तीन हजार खोडं हायेत. पानं बघा कशी टरारली तुमच्या बाजूची. तुम्ही धुळ्याले लिहा, आमच्या शेजारी चुडामण पाटलाची बाग शे, आमचा धूर जागच्या जागी मिटतो."

"केळी तुमची आहे पाटील."

"केळी माझी, पण धूर तर तुमचा ना?"

पितांबर यावर दोन दिवस विचार करत होता. मग त्याने ते लिहिलं नाही. दुसऱ्याच्या मालाचं वजन आपल्या पावतीवर घ्यायचं नाही, हा काट्याचा पहिला नियम.

पाळक चौथ्या पानावर पोहोचले तेव्हा त्यांना कळलं की माणूस श्वास सोडतो तोही कार्बनचाच वायू. हे त्यांनी शनिवारी सांगितलं. रविवारी सकाळी काटा चर्चच्या दारात होता.

पितांबरचं म्हणणं साधं होतं. माणूस आत जाताना मोजायचा, दोन तास गीतं-प्रार्थना झाल्या की बाहेर येताना मोजायचा, घट येईल तेवढा वायू. अडतीस माणसं रांगेत उभी राहिली. सगळं ठीक चाललं होतं. फक्त एक गोष्ट पितांबरने ठरवून केली नाही, ती आपोआप झाली. काट्यावर वजन चढलं की तोंडातून पुकारा निघायचा, आणि एकतीस वर्षं जिनिंगच्या यंत्रांच्या आवाजावर पुकारलेलं असल्याने तो पुकारा रस्त्यापलीकडच्या एस.टी.च्या थांब्यापर्यंत जायचा.

"सुगंधाबाई! एक्क्याऐंशी किलो चारशे!"

थांब्यावर भुसावळची गाडी उभी होती. खिडक्यांतून माणसं वळून बघायला लागली. कंडक्टरने घंटी मारायला उशीर केला.

सुगंधाबाई काट्यावरून उतरल्या. त्यांनी पदर नीट केला. "आबा," त्या म्हणाल्या, "मनं वजन बठ्ठा गावले सांगी टाकं तुम्ही."

"घट काढायची म्हणून—"

"गाव निंघनं, आते तालुकालेबी सांगा." आणि त्या आत न जाता घरी निघून गेल्या. त्या दिवशी गीत पाळकांनी सुरू केलं. त्यांनी सूर एवढा वर धरला की दुसऱ्या ओळीला पाळक एकटेच गात होते आणि तिसऱ्या ओळीला तेही नव्हते.

बाहेर येतानाचं वजन घेतलं. सुगंधाबाई सोडून सदतीस माणसांची बेरीज आत जाताना अठराशे तेहेतीस किलो होती. बाहेर येताना ती अठराशे एकोणचाळीस भरली. म्हणजे उपासनेत मंडळी सहा किलोंनी वाढली होती.

पितांबर हादरला. पाळक म्हणाले, परमेश्वराच्या वचनाने माणूस भरतो असं आपण म्हणतोच. पितांबर म्हणाला, ते काट्यावर दिसत नाही. त्याने तीनदा बेरीज केली. दुपारी डबा खाताना त्याच्या लक्षात आलं की चहा द्यायची वेळ चुकू नये म्हणून त्याने आधी सगळ्यांना चहा दिला होता आणि मग मोजलं होतं. सदतीस कप चहा. तो काट्यावर आला होता.

पुढच्या रविवारी पुन्हा मोजायचं असं त्याने जाहीर केलं. सोमवारी पाळक नवव्या पानावर पोहोचले. नवव्या पानावर लिहिलं होतं: माणसांचा श्वास मोजू नये. शेतातला काडीकचराही मोजू नये, तो पुन्हा उगवतो.

"नववं पान आधी वाचायला पाहिजे होतं," पाळक म्हणाले.

"पहिलं पान आधी येतं," पितांबर म्हणाला. त्याला कोणाला दोष द्यायचा नव्हता. मात्र त्याने काटा बैलगाडीत घालून परत पाठवला आणि पुस्तिका स्वतःच्या घरी नेली.

पुस्तिकेत त्याला आणखी एक गोष्ट सापडली आणि तिने त्याची झोप उडवली. एक लिटर रॉकेल जाळलं की अडीच किलो वायू निघतो, असं तिथे छापलं होतं. पितांबरने एक लिटर रॉकेल किराणा दुकानाच्या काट्यावर मोजलं. आठशे ग्रॅम. आठशे ग्रॅम मालातून अडीच किलो धूर! जिनिंगमध्ये असं झालं असतं तर पोलीस आले असते. त्याने धुळ्याला पत्र लिहिलं: "आपल्या पुस्तिकेत एक किलो सातशे ग्रॅमची वाढ दिसते. ती कोठून आली, कळवावे."

धुळ्याहून उत्तर आलं की जळताना हवेतला प्राणवायू मिसळतो, त्याचं ते वजन.

"म्हणजे कापसावर पाणी मारतात तसं," पितांबर म्हणाला आणि त्याला ते लगेच समजलं. समजलं, पण आवडलं नाही.

आवडलं नाही याचं कारण तक्त्यात होतं. मेणबत्त्या वर्षाला नऊ किलो. दिवे आणि पंखे चव्वेचाळीस किलो, तेही लाईट असते तेव्हा. पाळक वाडीवस्तीवर एस.टी.ने जात, आणि एस.टी. ते गेले नाहीत तरी जातेच, म्हणून शून्य. राहिला रविवारचा चहा. महिन्याला चार लिटर रॉकेल, वर्षाला अठ्ठेचाळीस. एकशे वीस किलो.

चर्चचा सगळा धूर मिळून एकशे त्र्याहत्तर किलो होता, आणि त्यातला एकशे वीस बेबाबाईच्या स्टोचा होता.

कमिटी बसली. तक्ता सगळ्यांनी पाहिला आणि सगळ्यांनी एकदम मेणबत्त्यांवर बोलायला सुरुवात केली. सहाच्या जागी चार लावा. लोटन शिंपी म्हणाला, प्रवचनाच्या वेळी पंखा बंद ठेवला तर प्रवचनही आटोपतं येईल, दुहेरी कपात होईल. पाळकांनी हे मिनिट्समध्ये घेऊ दिलं नाही. कोणीतरी म्हणालं, नाताळची चांदणी लावूच नका. असं करत करत सात किलो जमले. चौथा हिस्सा त्रेचाळीस किलोंचा होता.

"आबा," पाळक हळू म्हणाले, "चहाचा आकडा अंदाजे धरला तरी चालेल. धुळ्याहून कोण बघायला येतंय?"

पितांबरने तक्ता घडी करून खिशात घातला. "काटा आहे तेवढं दाखवतो," तो म्हणाला. "चार लिटरच्या जागी दोन लिटर करतो. मी रॉकेलचा कोटाच कमी करून घेतो. डब्यात आलं की जळतंच."

तो दुसऱ्या दिवशी तालुक्याला पुरवठा शाखेत गेला. तिथे झुलाल अण्णा नावाचे कारकून होते. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"कोटा कमी करायचाय?"

"हो."

"वाढवायचा असेल."

"कमी. चारचा दोन."

झुलाल अण्णांनी शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. शेजारच्या टेबलाने काम थांबवलं. "आबा, बावीस वर्षं झाली मला या खुर्चीवर. कमी करून मागणारा माणूस नाही बघितला. याचा नमुनाच नाही. तुम्ही असं करा, वाढवून मागा. आम्ही चौकशी लावतो. चौकशी लागली की कमी होतं."

"खोटं लिहायचं नाही."

"मग कठीण आहे." झुलाल अण्णा माणूस चांगला होता. त्यांनी कपाट उघडून तीन गठ्ठे काढले, धूळ झटकली आणि खालून दोन कागद ओढले. "कोटा माणशी असतो. माणूस कमी झाला तर कोटा कमी. त्याचे दोन नमुने आहेत. कार्ड बघू."

पितांबरने कार्ड दिलं. त्यावर दोन नावं होती.

"हा पहिला नमुना, बाहेरगावी गेलेल्यांचा. आणि हा—"

"हा द्या," पितांबर म्हणाला आणि पहिला कागद घेतला. बाकावर बसून त्याने तो भरला. कमी करायचे नाव: बेबाबाई. कारण: बाहेरगावी गेल्या. कागद परत टेबलावर ठेवताना त्याने तो उलटा ठेवला.

झुलाल अण्णांनी तो सुलटा केला. "कोणत्या गावी?"

पितांबरने पेनाला टोपण लावलं.

"गाव लागतं आबा. तिथल्या रेशन दुकानाचा नंबर लागतो. इथून कमी केलं की तिथे चढवावं लागतं, नाहीतर बाईंना तिकडे साखर मिळणार नाही." झुलाल अण्णा पेन धरून थांबले. "आणि खाली त्यांची सही. आल्यावर घ्या, घाई नाही. कधी यायच्या आहेत?"

शेजारचं टेबल पुन्हा कामाला लागलं होतं. भिंतीवर घड्याळ होतं, ते बंद होतं. पितांबरने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"दुसरा नमुना द्या," तो म्हणाला.

झुलाल अण्णांनी दुसरा नमुना पाहिला आणि मग पितांबरकडे. तो मयतांचा होता. "किती दिवस झाले?"

"पंधरा महिने."

"दर महिन्याला रॉकेल उचललं?"

"उचललं. दर महिन्याला चार लिटर. काट्यावर बसलेला माणूस मी, पण उचललं." त्याने हात टेबलावर ठेवले. "काय दंड असेल तो लावा."

झुलाल अण्णा थोडा वेळ कार्ड चाळत राहिले. "पुष्कळ लोक वर्ष-वर्ष करत नाहीत हे," ते म्हणाले. "माझ्या वडिलांचं मी अजून केलेलं नाही. तुम्ही घरी न्या कागद. मृत्यूचा दाखला जोडा. सही तुमचीच चालते."

कागद आठ दिवस घरात पडून होता. त्या आठ दिवसांत पितांबरने खूप कामं केली. छपराची कौलं चाळली. दारांना तेल दिलं. दाखला पेटीत वरच होता. नवव्या दिवशी त्याने सही केली आणि सकाळच्या एस.टी.ने तालुक्याला गेला. झुलाल अण्णांनी स्वतः पट्टी धरून एका नावावर लाल रेघ मारली, शिक्का मारला आणि कार्ड लगेच मिटून त्याच्या हातात दिलं.

पुढच्या रविवारी पितांबरने स्टो पेटवला. रॉकेल निम्मं होतं. चाळीस माणसांचं पातेलं उकळायला एरवी लागायचं तेवढं ते नव्हतं, आणि पाणी नुसतं गरम होऊन बसलं होतं. तो पंप मारत होता, पुन्हा मारत होता. मंडळी लांबून बघत होती. मग फाटकातून सुगंधाबाई आल्या. तीन रविवार त्या चर्चला आल्या नव्हत्या.

"सरका आबा," त्या म्हणाल्या.

"होईल आत्ता."

"काय व्हई? पाणी शे का रॉकेल शे? उठा." त्यांनी पातेल्यातलं अर्धं पाणी ओट्याखाली ओतून टाकलं, वर झाकण ठेवलं आणि बसल्या. "झाकण ठेवाले नको का? बेबाबाई बावीस वरीस उघडं ठेये. मी सांगू ती माले स्टोजवळ येऊ दे नही. देवबाई व्हती, पण झाकण ठेये नही."

बेबाबाईची चूक एवढ्या मोठ्याने कोणी पंधरा महिन्यांत काढली नव्हती. पितांबर उठला आणि पहिल्यांदाच मंडळीबरोबर खुर्चीवर बसला. चहा अर्धा-अर्धा कप झाला. गोड जास्त होता, आल्याचा पत्ता नव्हता. बेबाबाईच्या चहासारखा तो कुठूनही नव्हता. पितांबरने तो सगळा प्यायला.

"कसा व्हयना?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"साखर जास्त आहे."

"पुढल्या रविवारी कमी टाकसू. पन वजन करानं नही."

तक्ता ईस्टरच्या आधी धुळ्याला गेला. त्यात चहाचे साठ किलो कमी झाले होते, एकूण तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कपात होती. कपात कशी केली, या रकान्यात पितांबरने लिहिलं होतं: "कार्डावरचे एक माणूस कमी झाले."

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. जिल्ह्यातली सर्वांत जास्त कपात आपल्या मंडळीने केल्याबद्दल अभिनंदन. खाली टाईप केलेली एक ओळ होती: "सदर कपात तात्पुरती आहे की कायम, याचा खुलासा नसल्याने आपला तक्ता अपूर्ण धरण्यात आला आहे. उलटटपाली कळवावे."

पाळक म्हणाले, मी लिहितो. पितांबर नको म्हणाला. तो पोस्टात गेला, कार्ड घेतलं आणि दोरीला बांधलेल्या पेनाजवळ उभा राहिला. पत्ता लिहिला. तारीख लिहिली. मागे दोन माणसं मनिऑर्डरसाठी उभी होती, त्यांना त्याने पुढे जाऊ दिलं. ती गेल्यावर आणखी एक बाई आली, तिलाही जाऊ दिलं. मग पाठीमागे कोणी उरलं नाही.

त्याने लिहिलं: "कायम." आणि खाली सही केली.

खिडकीतल्या बाबूने कार्डावर शिक्का मारण्याआधी ते वाचलं. पोस्टकार्ड आमच्याकडे सगळेच वाचतात. "आबा, एवढं मोठं कार्ड, आणि एकच शब्द? सगळं कोरं चाललंय. अजून काही लिहायचं नाही?"

पितांबरने कार्ड परत घेतलं आणि पुन्हा वाचलं.

"नाही," तो म्हणाला. "विचारलं तेवढं सांगितलं." आणि कार्ड त्याने स्वतःच्या हाताने पेटीत टाकलं.